चक्रीवादळ येतंय: नौका कधी हलवायची, कशी बांधायची आणि कधी सोडून यायची

वादळाची बातमी आली की आपल्या किनाऱ्यावर तीन चुका ठरलेल्या. नौका हलवायला उशीर होतो, कारण सगळेच वारा सुटायची वाट बघतात. हलवली तरी ती एकाच अंगाने बांधली जाते. आणि शेवटी ‘नौकेवर कोणीतरी हवं’ म्हणून दोन खलाशी रात्री वर ठेवले जातात. पहिल्या दोन चुकांनी नौका जाते, तिसरीने माणूस जातो.

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या नाखवांसाठी, म्हणजे नौकामालकांसाठी, हे लिहितोय, मग दोन सिलिंडरची होडी असो की सहा सिलिंडरचा ट्रॉलर. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. दोर उत्तम बांधले पण जाळ्यांचा ढीग वरच राहिला, किंवा इंजिन नीट झाकलं पण नौका उघड्या बंदरात राहिली, तर सगळी मेहनत पाण्यात जाते.

टप्पा १: वादळाचं नाव कानावर येण्याआधी

अरबी समुद्रात चक्रीवादळं मुख्यतः मे-जूनमध्ये होतात आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. मासेमारी बंदी १ जूनला लागते. म्हणजे मेच्या वादळात नौका पाण्यात असते, शेवटच्या फेऱ्यांच्या घाईत असते, आणि शाकारणीचं, म्हणजे पावसाळ्यासाठी नौका झाकायचं, सामान अजून घरीच असतं. म्हणून एप्रिलच्या शेवटी एकदा आणि सप्टेंबरच्या शेवटी एकदा, एक अख्खा दिवस फक्त दोर आणि नांगरासाठी काढा.

सगळे दोर ओट्यावर पसरा. प्रत्येक दोराचा पीळ दोन्ही हातांनी उलटा फिरवून उघडा आणि आतले पदर बघा. बाहेरून मळलेला दोर आतून पांढरा, ओलसर, चिवट असेल तर तो चांगला. पीळ उघडताच भुकटी गळत असेल तर तो मोठ्या कामाचा राहिला नाही. पीपीचा (पॉलिप्रॉपिलीनचा) दोर उन्हात कडक होतो, फारसा ताणत नाही आणि पाण्यावर तरंगतो. रोजच्या कामाला तो ठीक आहे, वादळात मुख्य भार नायलॉनवर द्या, कारण नायलॉन ताणला जाऊन हिसका पोटात घेतो.

प्रत्येक मोठ्या नौकेकडे दोन नांगर आणि प्रत्येक नांगरामागे काही वाव (एक वाव म्हणजे सुमारे १.८ मीटर) साखळी हवी. साखळी नांगराचा दांडा तळाशी आडवा धरून ठेवते आणि खडकावर दोर घासू देत नाही. शॅकलची (साखळी जोडायच्या लोखंडी कडीची) पिन गंजून अर्धी झाली आहे का ते बघा आणि पिन फिरू नये म्हणून तिला तारेने बांधून टाका. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्याने न तुटलेला दोर १०० च्या वाऱ्यात टिकेलच, हा हिशेब चुकीचा आहे.

याच दिवशी कागदपत्रांचं काम उरका. नोंदणी प्रमाणपत्र, मासेमारी परवाना, विम्याची पॉलिसी, खलाशांची ओळखपत्रं यांचे फोटो काढून फोनवर आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनवर ठेवा. मूळ कागद नौकेच्या केबिनमध्ये ठेवायची सवय मोडा. पॉलिसी एकदा शांतपणे वाचा. इशारा असताना नौका समुद्रात नेली तर काय, हे बहुतेकांना दावा करतानाच कळतं.

तपासा: बंदराच्या गटातल्या सगळ्या खलाशांचे फोन नंबर तुमच्याकडे आहेत का? आपल्याकडचे कितीतरी खलाशी नेपाळचे आहेत. गटावरचा मराठी संदेश त्यांना वाचता येत नाही. त्यांच्याशी बोलूनच सांगावं लागतं.

टप्पा २: इशारा नीट वाचा

हवामान विभागाचे इशारे चार पायऱ्यांनी येतात. पहिली पूर्वसूचना सुमारे ७२ तास आधी. मग ४८ तास आधी पिवळा, २४ तास आधी नारिंगी, आणि वादळ किनाऱ्याला टेकायच्या साधारण १२ तास आधी लाल. आपल्याकडची सवय अशी की पिवळ्याला चर्चा होते, नारिंगीला धावपळ सुरू होते आणि लाल लागल्यावर दोर शोधले जातात. नौकेसाठी हे सगळं एक पायरी उशिराचं आहे. पूर्वसूचना आली की नौका हलवायचा निर्णय त्याच दिवशी घ्या.

वादळ तुम्हाला पूर्ण ७२ तास देईलच असंही नाही. २०२० सालचं निसर्ग वादळ १ जूनला नुसतं डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीची पायरी, होतं. २ जूनला दुपारी त्याचं चक्रीवादळ झालं आणि ३ जूनला दुपारी ते रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. म्हणून बातमीत ‘कमी दाबाचं क्षेत्र’ आणि ‘अरबी समुद्र’ हे शब्द मे किंवा ऑक्टोबरमध्ये एकत्र ऐकले की दिवसातून दोनदा अंदाज बघायला लागा.

आता बंदरावरचा बावटा, म्हणजे बंदरावर लागणारा धोक्याच्या इशाऱ्याचा नंबर. इथे मोठा गैरसमज आहे. १ आणि २ नंबर दूरच्या समुद्रातल्या बिघाडाचे. ३ आणि ४ तुमच्याच बंदराला सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका असल्याचे. ५, ६, ७ हे धोक्याचे आणि ८, ९, १० महाधोक्याचे. पण ५ पेक्षा ६ मोठा आणि ६ पेक्षा ७ मोठा, असं ते नाही. ते आकडे वादळ तुमच्या कुठल्या बाजूने जाणार हे सांगतात. ५ किंवा ८ म्हणजे वादळाच्या वाटेच्या डाव्या हाताला तुमचं बंदर. ६ किंवा ९ म्हणजे उजव्या हाताला. ७ किंवा १० म्हणजे वादळ तुमच्या डोक्यावरून किंवा अगदी जवळून. ११ नंबर लागला तर हवामान विभागाशी संपर्कच तुटला आहे.

ही बाजू कळली की वारा कुठून कुठे फिरेल हे कळतं, आणि दोर कुठे टाकायचे ते त्यावरच ठरतं. आपल्याकडे वादळं नैर्ऋत्येकडून येतात किंवा किनाऱ्याला समांतर उत्तरेला सरकतात. तुमचं बंदर उजव्या हाताला असेल, म्हणजे वादळ तुमच्या उत्तरेकडून किंवा पश्चिमेच्या समुद्रातून जाणार असेल, तर वारा आधी आग्नेयेकडून, मग दक्षिणेकडून आणि शेवटी नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो, म्हणजे थेट समुद्रावरून. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळ कोकणाच्या किनाऱ्याला न टेकता वर सरकलं तेव्हा आपल्या किनाऱ्यावर असंच झालं. बंदर डाव्या हाताला असेल तर वारा पूर्वेकडून ईशान्येला आणि मग उत्तरेला फिरतो. डोक्यावरून गेलं तर मधे शांतता, आणि मग बरोबर उलट्या दिशेने वारा.

सावधान: सकाळच्या वाऱ्याकडे बघून ‘इकडे आडोसा आहे, इथेच राहू दे’ असं ठरवू नका. त्याच जागी संध्याकाळी समोरून लाटा येतील.

टप्पा ३: तास सोडा, भरत्या मोजा

या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. बातमी सांगते, वादळ यायला ४८ तास. पण नौकेकडे ४८ तास नसतात. आपल्या खाड्यांच्या मुखाशी वाळू आणि गाळ साचलेला. भरलेला ट्रॉलर तिथून भरतीलाच आत जातो. रात्रीच्या भरतीला अंधारात त्या मुखातून घुसणं म्हणजे जाणूनबुजून संकट. आणि वादळ जवळ आलं की वारा सुटायच्या कितीतरी आधी लांबून येणाऱ्या लाटा मुखावर फुटू लागतात.

तिथीवरून भरती काढायचा जुना हिशेब सगळ्यांना ठाऊक आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तुमच्या बंदरात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होईल, तो फरक तुमच्या तांडेलाला (नौका चालवणाऱ्याला) माहीत असतो. भरतीचं छापील कोष्टक मिळालं तर उत्तमच.

आता समजा वादळ गुरुवारी दुपारी दोनला टेकणार आहे आणि गुरुवारी चतुर्थी आहे. गुरुवारची दिवसाची भरती तीनला, ती तर गेलीच. बुधवारी, तृतीयेला, सव्वादोनला. तेव्हा वादळ जेमतेम २४ तासांवर असेल आणि मुखावर लाटा फुटत असण्याची शक्यता मोठी. मंगळवारी, द्वितीयेला, दीडला. हीच खरी भरती. आणि पिवळा इशारा कधी येणार? ४८ तास आधी, म्हणजे मंगळवारी दुपारी दोनच्या सुमाराला. तुमची भरती गेल्यावर अर्ध्या तासाने.

कागदावर हे मांडून बघा. वादळाच्या वेळेपासून मागे जा, दिवसाउजेडीच्या भरत्या लिहा, शेवटची एक खोडा आणि उरलेल्यांतली शेवटची धरा. गटावर वेळ टाकताना ‘मंगळवारी दीडच्या भरतीला सगळ्या नौका आत’ असं टाका. ‘वादळ गुरुवारी’ असं टाकलं की लोक बुधवार संध्याकाळपर्यंत निवांत असतात.

नौका समुद्रात असेल तर घरचं बंदर गाठायचा हट्ट सोडा. तांडेलाला सांगा, जे सुरक्षित बंदर सगळ्यांत जवळ आहे ते धर. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार वादळाच्या वेळी परराज्यातल्या नौकांनीही देवगडला आसरा घेतला होता. मासळी खराब होईल, बर्फाचे पैसे जातील, ते होऊ दे. व्हीएचएफ वायरलेस १६ नंबरच्या चॅनेलवर चालू ठेवायचा आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर केबिनमध्ये मोठ्या अक्षरात लिहून ठेवायचा. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या कितीतरी नौका बाहेर होत्या. त्यातली काही माणसं परत आली नाहीत. त्या घरांसमोरून जाताना आजही पाय जड होतात.

टप्पा ४: जागा

हर्णैसारखं उघडं बंदर, मालवणसारखं खडकांचं बंदर, या वादळाच्या जागा नाहीत. हर्णैच्या नौका आंजर्ले किंवा दाभोळच्या खाडीत जातात, मालवणच्या सर्जेकोटकडे. जयगड, विजयदुर्ग, राजपुरी, बाणकोट या खाड्या आत लांब शिरतात. जितकं आत, तितकी लाट लहान. खाडीचं एक वळण मागे टाकलंत की बाहेरची लाट बहुतेक तुटते.

पण आत गेल्यावर वेगळा धोका असतो, तो म्हणजे वरून येणारा लोंढा. वादळासोबत मुसळधार पाऊस येतो, डोंगरातलं पाणी खाडीत उतरतं आणि ओहोटीच्या ओढीत मिसळून नौका समुद्राकडे खेचतं. त्यासोबत ओंडके, बांबू, केळीचे गड्डे येतात. म्हणून नदीच्या मुख्य धारेत उभे राहू नका, फाट्यात किंवा वळणाच्या आतल्या अंगाला राहा. पुलाच्या वरच्या बाजूला, त्याच्या जवळ बांधू नका. दोर तुटला तर नौका थेट खांबावर जाते. पुलाखालून जाताना डोलकाठीची आणि वरून गेलेल्या विजेच्या तारांची उंची भरतीच्या हिशेबाने मोजा.

दोन्ही काठांना तिवरं (खारफुटी) असलेली अरुंद खाडी मिळाली तर तिच्यासारखी जागा नाही. तळ चिखलाचा, नांगर धरतो, आणि नौका सुटली तरी तिवरांत अडकते, दगडावर नाही. तिवराला दोर बांधायचा तर बुंध्याशी, अगदी खाली, चार-पाच बुंध्यांना मिळून, आणि खाली गोणपाट घालून. फांदीही तोडू नका. तिवरांना कायद्याचं संरक्षण आहे, आणि आपल्या नौकेलाही तीच राखतात.

टप्पा ५: नौका हलकी आणि बुटकी करा

वाऱ्याला पकडायला जे जे उंच आहे ते उतरवा. ताडपत्री, बावट्यांच्या काठ्या, सोलर पॅनल, केबिनवरचे पत्रे, बोयांचे ढीग. सगळ्यांत आधी जाळी. जाळ्यांचा ओला ढीग नौका वरून जड करतो, आणि वाऱ्याने जाळं पाण्यात पडलं की ते थेट पंख्यात जातं. मग ऐन वेळी इंजिन असून नसल्यासारखं. जाळी किनाऱ्यावर उंच जागी, भरतीच्या रेषेपासून बरीच वर न्या. माडाखाली ठेवू नका.

खणातली मासळी विका आणि बर्फ काढून टाका. बर्फ वितळून तळात पाणी होतं आणि ते पाणी एका अंगाला धावू लागलं की नौका कलते. गॅस सिलिंडर आणि शेगडी उतरवा. वायरलेस, जीपीएस, नौकेचा ठावठिकाणा कळवणारा ट्रान्सपाँडर काढायचा असेल तर माणसं उतरायच्या वेळीच काढा, आधी नको.

तपासा: आता केबिनच्या दारात उभे राहा. वाऱ्याने उडेल असं काही दिसतंय का? एक प्लास्टिकचा ड्रम उडून शेजारच्या नौकेची काच फोडू शकतो.

टप्पा ६: नांगर आणि दोर

नांगराचा दोर किती सोडायचा? आपल्याकडे बहुतेक जण खोलीच्या तिप्पट-चौपट सोडतात. वादळात किमान सातपट हवा, आणि ‘खोली’ म्हणजे आत्ताची खोली नव्हे. ओहोटीला २ मीटर पाणी, त्यावर अडीच मीटर भरती, वादळाने फुगणारं पाणी दीड मीटर, आणि पाण्यापासून नाळेची (नौकेच्या पुढच्या टोकाची) उंची दीड मीटर. बेरीज साडेसात मीटर, म्हणजे सुमारे चार वाव. त्याची सातपट म्हणजे साडेबावन्न मीटर, साधारण २९ वाव. हा आकडा ऐकून खूप वाटतं. पण आखूड दोर नौका वर उचलली की नांगराला वर ओढतो, नांगर सुटतो. लांब दोर आडवा ओढतो, तेव्हा नांगराचा दात चिखलात आणखी रुततो.

वादळाने पाणी का फुगतं हेही समजून घ्या. हवेचा दाब १ मिलिबारने उतरला की समुद्राची पातळी साधारण १ सेंटिमीटर चढते, आणि त्यावर वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलत राहतो. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण आणि वादळ एकत्र आलं तर जेटीचा माथाही पाण्याखाली जाऊ शकतो.

दोन नांगर नाळेवरून टाका. दोघांमध्ये कोन ठेवा, घड्याळात बारा आणि दोन यांच्या मधल्या फटीएवढा. सगळ्यांत जोराचा वारा ज्या दिशेने येणार, त्या दिशेला या कोनाचं तोंड हवं. पण वारा फिरणार आहे, म्हणून तिसरा दोर पिछाडीवरून काठाला, उलट्या बाजूने. हाच तिसरा दोर लोक विसरतात. नांगर टाकून झाला की इंजिन उलटं चालवून ओढून बघा. काठावरचं एक झाड आणि त्यामागचा एक खांब एका रेषेत धरा. रेष सरकली तर नांगर धरलेला नाही, पुन्हा टाका.

शेजाऱ्यांशी बोला. एकाने २९ वाव सोडला आणि दुसऱ्याने दहा, तर वारा फिरताच लांब दोराची नौका आखूड दोराच्या नौकेवर जाते. रांगेतल्या सगळ्यांनी सारखी लांबी ठेवायची.

जेटीलाच बांधणं भाग असेल तर तीन गोष्टी पाळा. एकीला एक लावून दहा नौकांची रांग करू नका. तिघींवर थांबा. पहिलीचा दोर तुटला की सगळा भार दुसरीच्या एका खुंट्यावर येतो आणि रांगच्या रांग निघते. दुसरं, पाण्याच्या अंगाला नांगर टाकून नौका जेटीपासून हातभर दूर ओढून धरा. तिसरं, दोर तिरके आणि लांब ठेवा, नाळेपासून मागे आणि पिछाडीपासून पुढे. भरतीला आखूड बांधलेली नौका ओहोटीला दोरावर लटकते. ओहोटीला आखूड बांधलेली पाणी चढताना नाळ खाली दाबून घेते आणि आत पाणी भरतं.

आणि घासणं. माझ्या पडवीत खुंटीला दोन हातांचा एक दोराचा तुकडा अजून टांगलेला आहे. तौक्तेच्या वेळी आमची नौका जेटीला होती, २४ मिलिमीटरचा नायलॉन, त्याच वर्षी घेतलेला. जेटीच्या कडीपाशी मी काही गुंडाळलं नव्हतं. सकाळी नौका समोरच्या दगडांवर होती आणि हा तुकडा कडीला. बाहेरचे धागे काथ्यासारखे फुललेले, आणि आत बोट घातलं तर कडक, काचेसारखे मणी. नायलॉन ताणला-सुटला, ताणला-सुटला, आतल्या आत तापला आणि वितळला. नवा दोर होता. चूक माझी होती.

म्हणून दोर जिथे जिथे कडीला, कठड्याला, दगडाला टेकतो तिथे आधी ओलं गोणपाट, वरून उभा चिरलेला जाड पाइप, आणि तो पाइप जाळं विणायच्या सुताने दोन्ही टोकांना दोरालाच शिवून टाका, म्हणजे सरकणार नाही. पाइपला दोन-चार भोकं पाडा. पावसाचं पाणी आत गेलं की दोर थंड राहतो. नुसता प्लास्टिक पाइप लावला तर आतली उष्णता कोंडते.

तपासा: प्रत्येक दोर वेगळ्या खुंट्याला आहे का? दोन मोठे दोर एकाच खुंट्यावर असतील तर तो खुंटा उपटला की दोन्ही गेले.

टप्पा ७: छोट्या होड्या

फायबरची होडी, पात, उलांडीची होडी, यांना पाण्यात ठेवायचंच नाही. इंजिन काढून घरी न्या. होडी उधाणाच्या रेषेच्या वर ओढा आणि मग आणखी एवढीच वर. पुळणीवर सुरूच्या रांगेत किंवा माडाच्या बागेत ठेवायचा मोह होतो. निसर्गमध्ये दापोली, श्रीवर्धनकडच्या वाड्या ज्यांनी पाहिल्या ते हा मोह करणार नाहीत. जागा मोकळी हवी.

होडी पालथी घाला, खाली टायर द्या आणि वाळूत पुरलेल्या ओंडक्याला बांधा. दोन-अडीच हात खोल खड्डा, त्यात आडवा ओंडका, मधे दोर, वरून वाळू आणि दगड. पालथी घालता येत नसेल तर पाणी जायचं बूच काढून ठेवा आणि ते बूच किल्लीच्या जुडग्यात अडकवा.

टप्पा ८: इंजिन आणि तळातलं पाणी

बांधलेली नौका लाटांपेक्षा आत साचलेल्या पाण्याने जास्त बुडते. पंख्याचा शाफ्ट जिथून बाहेर पडतो त्या ग्लँडमधून एरवी थेंब थेंब पाणी येतं, ते दोन दिवस उपसलं नाही तर काय होतं ते स्वतः मोजा. ग्लँड आवळा, गरज असेल तर पॅकिंग नवं घाला. तळाचे कॉक बंद करा. पाणी उपसायचा पंप बॅटरीवर असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि उंच जागी बांधा. पंपाच्या जाळीत अडकलेली मासळीची खवलं साफ करा. डेकवरचं पाणी बाहेर जायची भोकं उघडी हवीत.

डिझेलची टाकी भरलेली ठेवा, झाकण घट्ट. अर्धी टाकी हिंदकळते आणि तिच्यात दमट हवेचं पाणी साचतं. धुरांड्यात फडकं कोंबा, आणि त्या फडक्याला लाल सूत बांधून ते सूत सरळ स्टार्टरच्या किल्लीला बांधा. नाहीतर वादळानंतर घाईत कोणीतरी तसंच इंजिन मारतं.

टप्पा ९: उतरा

नारिंगी इशारा लागण्याआधी नौकेवर एकही माणूस असता कामा नये. मालकाने स्वतः नौकेवर जाऊन शेवटचा खलाशी उतरवायचा. ‘नाखवा, मी राहतो, पाणी उपसतो,’ असं म्हणणारा मुलगा तुमच्याकडे नक्की असेल. त्याला हात धरून खाली आणा. त्याच्या मनात काय असतं तर, नौका गेली तर माझं काम गेलं. म्हणून आधीच स्पष्ट सांगा, नौका गेली तरी पगार जाणार नाही. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात एक माणूस बादलीने काहीही वाचवू शकत नाही, आणि मदतीचं दुसरं कोणी तिथे पोहोचूही शकत नाही.

खलाशांची राहायची सोय पक्क्या इमारतीत करा, शाळा, सभागृह, नाहीतर तुमचंच घर. नावं मोजा. नाव लिहिलेली यादी बंदरावरच्या एका जबाबदार माणसाकडे ठेवा.

वादळ चालू असताना जेटीवर जायचं नाही, दोर सैल करायला नाही आणि फोनवर चित्रण करायला तर नाहीच. आणि जर एकाएकी वारा पडला, आभाळ उजळलं, तर ते वादळ संपल्याचं लक्षण समजू नका. डोळा वरून जात असेल. थोड्या वेळात उलट्या बाजूने तितकाच वारा येतो, आणि याच शांततेत लोक नौका बघायला खाली उतरतात. हवामान विभागाचा संदेश येईपर्यंत घरात राहा. अडचण आली तर ११२, किंवा जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७.

टप्पा १०: वादळ गेल्यावर

पहिल्यांदा जाताना विजेच्या तुटलेल्या तारा बघा, मग पाणी. वारा थांबला तरी समुद्र एक-दोन दिवस खवळलेला असतो आणि खाडीत ओंडके, जाळी, बुडालेल्या होड्या असतात.

नौकेला हात लावण्याआधी फोटो काढा. लांबून एक, नंबर दिसेल असा एक, आणि प्रत्येक नुकसानीचा जवळून एक. तुटलेले दोर फेकू नका. तलाठी आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याला त्याच दिवशी लेखी कळवा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, आणि विमा कंपनीलाही त्याच दिवशी. पंचनामा होताना स्वतः हजर राहा. इंजिन, जाळी, नांगर, दोर, वायरलेस वेगवेगळे लिहून घ्या. ‘नौकेचे नुकसान’ एवढ्या दोन शब्दांवर सही करू नका. वादळाआधी काढलेले फोटो इथे कामाला येतात.

इंजिन पाण्याखाली गेलं असेल तर ते फिरवून बघू नका. खाऱ्या पाण्यातून वर आलं की गोड्या पाण्याने धुवा, जुनं ऑइल काढा आणि मेकॅनिक त्याच दिवशी मिळवा. हवेत उघडं पडलेलं ओलं लोखंड एका दिवसात गंज धरतं. इंजिन सुकं राहिलं असेल तर आधी धुरांड्यातलं फडकं काढा, डिझेल फिल्टरच्या भांड्यात पाणी आहे का बघा, पंख्यात जाळं अडकलंय का बघा, आणि मगच किल्ली फिरवा.

नौका बुडाली असेल तर तिच्या जागेवर मोठा, भडक रंगाचा बोया बांधा, दोर भरतीच्या उंचीइतका लांब ठेवून. रात्रीच्या भरतीला आत येणारी दुसरी नौका तिच्यावर चढू नये म्हणून, काढायची व्यवस्था होईपर्यंत तो बोया रोज संध्याकाळी जागेवर आहे की नाही, हे कोणीतरी जाऊन बघायला हवं.